कोवालेव्स्की, मुक्काम सुकापूर

विजय गेला हे मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. मी सुकापूरच्या माझ्या दुकानात गेटाला वेल्डिंग मारत होतो, तोंडावर काच. तो म्हणाला, विजयराव गेले. मी काच न काढताच म्हटलं, चहाला गेले असतील, येतील, बसा. तो बिचारा बसलापण. दोन सांधे झाल्यावर त्यानं परत सांगितलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं... सकाळी आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाय. हार्ट अटॅक. दुपारी स्मशानाच्या ऑफिसात मी खिडकीशी उभा, मागं सुनंदावहिनी, विजयची बायको. कारकुनानं विचारलं, मयताचं पूर्ण नाव. मी म्हटलं, विजय, बापाचं नाव यान... आणि पुढं गाडी अडली. उभ्या पनवेलला माझं तोंड बंद करता आलेलं नाय, आणि तिथं ते आपोआप बंद झालं. कारण विजयला आडनावं दोन होती. एक माझ्या मूर्खपणानं चिकटलेलं आणि एक पोलंडच्या म्हाताऱ्यानं काढून घेतलेलं. वहिनी खाली बघत होत्या. कारकून म्हणाला, आडनावाची जागा मोकळी ठेवतो, पण दाखला बनायच्या आत येऊन सांगा. तशीच चिता पेटली. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदावरची नावं सरळ करणारा माणूस, आणि जाताना त्याच्याच नावापुढं मोकळी जागा. तेव्हापासून माझं डोकं तापलंय, ते अजून थंड झालेलं नाय.

मला लिहिता-वाचता येत नाय. मी सांगतोय, माझी सून लिहून घेतेय, तिनं शहाणपणानं काही सुधारलं असेल तर ते तिचं. विजय माझ्या शेजारच्या गाळ्यात फॉर्म भरायचा. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळेतल्या नावातली चूक, सगळं. आधी तळोज्याच्या कारखान्यात होता, तो बंद पडल्यावर हे. गोरापान, घारे डोळे, त्यामुळे कामोठ्या-खारघरहून येणारी माणसं त्याला कोकणस्थ समजून अदबीनं बोलायची. आणि ह्यानं तोंड उघडलं की एकदम कोल्हापूर. "काय लेका, आईचं नाव कुठं लिवलंस?" समोरचा लगेच आईचं नाव सांगून मोकळा. त्याचे वडील यान, पोलंडचे. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वेळी तिकडची कितीतरी पोरं आगगाडीत आणि मग बोटीत घालून आपल्याकडं आणली, कोल्हापूरजवळ त्यांचा कॅम्प होता. लढाई संपली, बाकीचे निघून गेले. यान राहिला. त्याचं मागं कुणी उरलंच नव्हतं. तिथंच मोठा झाला, तिथलीच बायको केली, पोराचं नाव विजय ठेवलं आणि आडनाव तेवढं आपलं दिलं. कोवालेव्स्की.

हे आडनाव मला चार वर्षं बोलता येत नव्हतं. त्याच्या गाळ्यावर लावायला मी लोखंडी अक्षरं कापून दिली, त्यानं पत्र्यावर खडूनं काढली तशी. कापली चांगली, पण लावताना ले आणि वा ची अदलाबदल केली. चार दिवस ते कोलेवाव्स्की म्हणून लटकत होतं आणि कुणालाच काही वाटलं नाय. विजय तापानं घरी होता म्हणून वाचलो. पण त्याच तापात मी दुसरा पराक्रम केला. त्याच्या रेशनकार्डाचा फॉर्म द्यायला मी गेलो. कारकुनाला आडनाव लागेना, मला म्हणाला, तुमीच सांगा. मागं लाईन, पुढं तो पेन धरून. मी म्हटलं, को... कोवा... कवळेकर. लिहा कवळेकर. त्यानं लिहिलं. कार्ड हातात आल्यावर विजय माझ्याकडं असा बघत होता, जसं काय मी त्याचं बारसं पाळण्यातच मोडून आलोय.

त्यानंतर गंमत झाली ती विचारू नका. त्या एका कार्डावरून लाईटबिल, गॅस, सगळीकडं कवळेकर. खारघरला राहणारे एक गोव्याचे गृहस्थ, तेपण कवळेकर, आपले भाऊबंद सापडले म्हणून नारळ घेऊन आले. दारात घारा माणूस कोल्हापुरीत या या म्हणतोय हे बघितल्यावर नारळ तिथंच उंबऱ्यावर ठेवून निघाले. लोक विचारायचे, कवळेकर म्हणजे मूळचे कुठले? आणि जुनं नाव सांगितलं तरी तेच, म्हणजे मूळचे कुठले? मूळ, मूळ, मूळ. माणूस हाय की रताळं? साठीला आला, तरी एकानंपण त्याला, तुमी सुकापूरचे ना, असं विचारलं नाय. मीसुद्धा नाय. मी तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुमी गोरे सायब इकडं कसे.

मग ते पत्र आलं, कॉम्प्युटरवर. पोलंडचा एक म्हातारा, ह्याच आडनावाचा, आपल्या घराण्याचं पुस्तक लिहीत होता. इंटरनेटवर त्याला विजय सापडला. विजय ते पत्र घेऊन माझ्या दुकानात पळत आला, अंगावर ठिणग्या उडत होत्या तरी. म्हणाला, "बाळाराम, तू चुकला नव्हतास लेका. स्की म्हणजे आपलं कर. कोवालेवो गावचा तो कोवालेव्स्की. आणि कोवाल म्हणजे काय ठाऊक हाय? लोहार. लोहारांचं गाव." मी म्हटलं, मग मीच तुझ्या गावचा, तू कसला, तुला तर खिळा ठोकता येत नाय. त्या दिवशी त्यानं मला दोनदा चहा पाजला. कवळेकर लिहिल्याचा माझा गुन्हा माफ झाला. उलट मी शहाणा ठरलो, आयुष्यात पयल्यांदा.

म्हाताऱ्यानं एक नळी पाठवली. तिच्यात थुंकायचं आणि परत पाठवायची, म्हणजे रक्ताचं मूळ कळतं. अर्धा तास आधी काही खायचं नाय. मी म्हटलं, थुंकण्यातला माणूस मी हाय, पनवेलच्या भिंती विचारा, मी तुझ्याऐवजी थुंकतो. तो हसला. त्याला खरंच वाटत होतं की आता त्या पुस्तकात आपल्या बापाचं नाव येणार. ज्याच्या मागं कुणी नव्हतं त्या यानचं.

दोन-तीन महिन्यांनी उत्तर आलं. ते त्यानं मला लगेच वाचून दाखवलं नाय. नुसता येऊन म्हणाला, बोर्डाची अक्षरं काढ. मी मूर्ख, का ते विचारलंपण नाय. मला वाटलं रंग मारायचा असेल. ग्राइंडर घेतला आणि एकेक अक्षर कापून खाली पाडलं, वर गाणं गुणगुणत. त्यानं ती गोळा केली आणि टेबलाखाली ठेवली. आठवड्यानं त्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, तुमच्या बापाकडचं रक्त आमच्या घराण्याशी जुळत नाय. ते तिकडच्या लाखो साध्या माणसांत सापडतं, आणि फार फार मागं गेलं तर त्याचं खोड तुमच्या हिंदुस्तानातल्या माणसांशीपण एक हाय. तेव्हा तुमची फांदी पुस्तकातून काढतोय. आणि आमचं नाव, आमचं घराण्याचं चिन्ह ह्यापुढं मिरवू नये. असं. थुंकी मागून घेतली आणि तोंडावर थुंकला, दुसरं काय? अरे, तुला विचारायला कोण आलं होतं? सुकापूरच्या गाळ्यात एक माणूस गरिबांचे फॉर्म भरतोय, त्याच्या नावानं तुझं कुठलं शेत बुडालं?

त्यानंतर विजय सहीपण नुसती विजय करायचा. गिऱ्हाइकानं कवळेकरसाहेब म्हटलं तरी मान खाली, कुणी जुनं नाव घेतलं तरी मान खाली. मी विनोद करायला जायचो. एकदा म्हटलं, माझं आडनाव घे, तसंही ते मला लिहिता येत नाय, वायाच जातंय. तो हसला नाय. मी मग विनोद थांबवले आणि वेल्डिंग करत बसलो. तेच चुकलं. बोलायला पायजे होतं, भांडायला पायजे होतं, त्या म्हाताऱ्याला उलट पत्र लिहायला लावायला पायजे होतं. मी काच लावून बसलो... दीड वर्षं.

दहाव्यानंतर मी वहिनींकडं गेलो. म्हटलं, खिडकीवर काय सांगायचं? त्यांनी विजयच्या फोटोपुढचा दिवा सारखा केला. मग त्यांनी सासऱ्यांची गोष्ट सांगितली. यान पाचेक वर्षांचा, आगगाडीत एकटा. एका स्टेशनावर यादी करणारे आले, ज्यांचं कुणी नाय त्या पोरांना बाजूला काढत होते. शेजारी एक बाई बसली होती, तिनं ह्याचा हात धरला आणि यादीवाल्याला सांगितलं, माझा हाय, लिहा कोवालेव्स्की. पोरगा गाडीतच राहिला. बाई बोटीपर्यंत पोचली नाय, वाटेतच गेली. सासऱ्यांना तिचं पयलं नावपण आठवत नव्हतं. विजयला वाटायचं, ती वडिलांची आत्या-काकू असणार. म्हाताऱ्याचं पत्र आलं तेव्हा त्याला कळलं की ती कुणीच नव्हती.

"म्हणाले, परक्या बाईचं नाव जन्मभर वापरलं, सुनंदा," वहिनी म्हणाल्या. "लाज वाटायची त्यांना."

मला इतका राग आला की मी उठून उभाच राहिलो. म्हाताऱ्याचा आला, तो होताच, पण विजयचापण आला. लाज कसली रे? ज्यांच्या घराण्याचं पुस्तक निघतंय त्यातलं कुणी त्या डब्यात पोराचा हात धरायला होतं का? नाव यादीवाल्याला सांगितलं त्या बाईनं, ते तिचं आणि तिनं दिलं त्याचं. थुंकीत ती बाई कशी सापडणार? मी हे सगळं त्याच्या फोटोपुढं ओरडून बोललो. वहिनींनी बोलू दिलं. मग म्हणाल्या, "भावजी, उद्या जाऊन या. तेच सांगा. आणि नीट सांगा ह्या वेळी."

रातभर घोकलं असं काय नाय, पण सकाळी दुकान उघडल्यापासून मी ते नाव घोकत होतो. सून एकेक अक्षर सांगत होती आणि मी लोखंडावर हातोडा मारल्यासारखं म्हणत होतो. स्मशानाच्या ऑफिसच्या खिडकीवर गेलो. तोच कारकून. मी म्हटलं, को. वा. ले. व् अर्धा. स्की. तो म्हणाला, हे असलं कसलं आडनाव, मूळचे कुठले हे? मी म्हटलं, सुकापूरचे. त्यानं माझ्या तव्यासारख्या काळ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, तुमी कोण त्यांचे? मी म्हटलं, भाऊ. त्यानं पेन थांबवला, परत माझ्याकडं बघितलं, आणि लिहिलं. मग वही फिरवून माझ्यासमोर धरली, माहिती देणाऱ्यानं इथं सही करा. सही कुठली येतेय मला. शाईचा डबा पुढं ओढला आणि त्या नावाशेजारी अंगठा दाबला, चांगला जोर लावून, मागच्या दोन पानांवर उमटेल एवढा. आता ते नाव कुणाला काढायचं असेल तर पोलंडहून पनवेलला यावं लागेल, आणि आधी माझा अंगठा पुसावा लागेल.