सोडलेली मेंढी

पुलगावचा हरिदास भांडकुदळ होता, असं कोणी तुम्हाला सांगितलं तर त्या माणसाला आधी माझ्याकडे पाठवा. मी पोस्टात कारकून होतो, तिकिटं विकता विकता सगळं गाव मला माहीत झालेलं होतं, आणि भांडकुदळ माणसं कोण हे मी नावानिशी सांगू शकतो. त्यातली निम्मी आनंद क्लबाच्या कमिटीवर होती. हरिदास त्यात नव्हता.

तो मिलमध्ये सूत जोडायच्या कामावर होता. काटकुळा, डोक्यात कायम कापसाचे तंतू, आणि बोलणं मोजकं. मूळचा वडनेरचा. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा मामानं, बापूरावांनी, त्याला पुलगावला आणलं, वाढवलं, मिलमध्ये चिकटवलं आणि पत्त्यांतला मेंढीकोट शिकवला. हरिदास म्हणायचा, मामानं मले दोन गोष्टी देल्ल्या, एक भाकर अन् दुसरी भिडूची नजर.

त्याचा स्वभाव कळायला एक गोष्ट पुरे. चाळीच्या नळावर सकाळी रांग असायची. एकदा शेजारची कमला तापलेलं पोर कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, मले जरा पुढं घ्या. हरिदासचा नंबर दुसरा होता. त्यानं तिला आपल्या जागी उभं केलं आणि स्वतः बादली उचलून रांगेच्या शेवटी गेला. मिलचा भोंगा व्हायला दहा मिनिटं उरलेली. यशोदा, त्याची बायको, दारातून ओरडली, "तिच्या मांगं उभे राहा न, शेवटी काऊन गेले?" तर हा म्हणतो, "मी माहा नंबर देल्ला. मागच्यायचा कसा देऊ?" त्या दिवशी त्याचा अर्धा दिवस बुडाला. याला भांडकुदळ म्हणतात!

आता चोपन्न सालच्या दिवाळीचं सांगतो. आनंद क्लबाच्या मेंढीकोटाच्या सामन्यांत त्या वर्षी पहिल्यांदाच मिलच्या माणसांना घेतलं. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात असताना आम्ही पत्ते कुटतो म्हणून कोणीतरी दर वर्षी नाक मुरडायचं, पण गर्दी व्हायची ती व्हायचीच. सुरुवातीच्या बैठकी आत हॉलमध्ये सतरंजीवर व्हायच्या. फायनल मात्र बाहेर ओट्यावर, गादी टाकून, सगळ्या गावासमोर. बापूरावांना तो ओटा हवा होता. तीस वर्षं ते त्या ओट्यासमोर उभे राहून दुसऱ्यांची फायनल बघत आले होते. आणि आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पान नाकाशी धरल्याशिवाय बदाम की चौकट हे कळत नव्हतं. वाटप झालं की तेरा पानं एकदा नाकाशी धरून बघायची, हातात लावायची, आणि मग आठवणीवर खेळायचं. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारा घर सोडून जायचा.

"या वर्षी नाई तं नाई," हरिदास मला म्हणाला होता. "पुढच्या दिवाईले मामाले पानच दिसनार नाई, प्रभाकररावजी. एक डाव त्या ओट्यावर झाला पायजे."

आणि ते दोघं खेळलेही तसे. चार जोड्या, प्रत्येकीची प्रत्येकीशी एक बैठक, पहिल्या दोन जोड्या फायनलला. हिशेब सरळ होता. दश्शी म्हणजे मेंढी. जितक्या मेंढ्या जिंकाल तितके गुण. चारही मेंढ्या एकाच बाजूला गेल्या की दुसऱ्यावर कोट, आणि कोट बसलेल्याचे दोन गुण कापायचे. हरिदास आणि बापूरावांच्या सगळ्या बैठकी संपल्या तेव्हा भिंतीवरच्या फळ्यावर त्यांच्या नावापुढे बत्तीस होते.

शेवटची बैठक आमची. आम्ही म्हणजे मी आणि माझे भिडू बंडोपंत. बंडोपंत शाळेचे हेडमास्तर, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. समोर ताराचंद शेठ आणि त्यांचे मुनीम हरिभाऊ. आम्ही चाळीसच्या वर होतो, आमची फायनल केव्हाच पक्की झाली होती. ताराचंद शेठ तेहतीसवर, आणि एकच डाव बाकी.

त्या डावात तीन मेंढ्या आम्ही ओढल्या. चौथी, चौकटची, ताराचंद शेठच्या हातात होती, हे त्यांच्या कपाळावरच्या घामावरूनही कळत होतं. तीन हात राहिले. हरिभाऊंकडे उतारी, त्यांनी चौकटचा राजा टाकला. बंडोपंतांजवळ चौकटचा एक्का होता, हे मी पडलेल्या पानांवरून ओळखलं होतं. त्यांनी टाकली पंजी. ताराचंद शेठनी राजावर आपली दश्शी हळूच सरकवली. आता मी. माझ्याकडे चौकट नव्हती आणि हुकमाची सत्ती होती. पण भिडूनं एक्का दाबला म्हणजे त्याची मर्जी काय हे भिडूनं ओळखायचं असतं. मी किलवरची तिर्री टाकली. मेंढी शेठजींकडे गेली आणि कोट टळला.

बंडोपंतांनी मग एक्का उघडा करून सतरंजीवर ठेवला आणि हसून म्हणाले, "शेठजी, दिवाळीच्या दिवसांत कोट कुठं घालता? घ्या, आमच्याकडून एक मेंढी."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. काय मन, काय मोठेपणा! ही बंडोपंतांची जुनीच सवय. घरी बैठक बसली तरी जिंकल्यावर शेवटची मेंढी ते समोरच्याला सोडायचे, म्हणजे पाहुणा खाली मानेनं जाऊ नये. घरी ठीक आहे. घरी फळा नसतो.

फळ्यावर तेहतीसचे चौतीस झाले. कोट बसता तर एकतीस झाले असते. हरिदास बत्तीसवरच राहिला.

तो भिंतीजवळ मामाचा हात धरून उभा होता. तो पुढे आला. आवाज चढवलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

"गुरुजी, एक्का होता तं दाबला काऊन?"

"अरे, आम्ही जिंकलोच होतो. एक मेंढी दिली तर आमचं काय गेलं?"

"तुमचं नाई गेलं जी. माहं गेलं."

"तुझं कसं? डाव आमचा, पान आमचं, मेंढी आम्ही सोडली."

"सोडाची होती तं घरी सोडाची. इथं तुम्ही आपल्या ताटातलं नाई वाढलं, माह्या ताटातलं वाढलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार! याले देनं म्हनत नाई, याले चोरी म्हंते."

झालं. 'चोरी' हा एक शब्द सगळ्यांना ऐकू आला, त्याच्या आधीचं काही कोणाला ऐकू आलं नाही. हेडमास्तरांना चोर म्हणतो! मिलचा माणूस! आत घेतलं हीच चूक झाली! बंडोपंत लालबुंद झाले, आणि वर पुन्हा मोठेपणा, "जाऊ द्या, पोरगा आहे. पुढच्या वर्षी खेळ की रे." पुढच्या वर्षी! बापूराव तिथंच उभे होते, आवाज कुठून येतो तिकडे मान वळवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी बसली. कमिटी म्हणजे तीन डोकी आणि एक चहाची किटली. नियमांचा कागद काढला. त्यात पान लपवू नये होतं, खुणा करू नये होतं, तंबाखू सतरंजीवर थुंकू नये हेसुद्धा होतं. जिंकत असलेल्यानं मेंढी सोडू नये, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिणार कसं? जिंकायला बसलेला माणूस हरायचं खेळेल हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. पण कमिटीला तेवढं पुरलं. निकाल दिला की सौजन्य नियमाविरुद्ध नाही, आणि हरिदासनं हेडमास्तरांची माफी मागावी, नाहीतर मिलच्या जोड्या पुढे घेणार नाही.

मला विचाराल तर ही चीड मला आजही आवरत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, आणि हलवाई ओरडला की त्यानंच माफी मागायची! शिवाय एकट्याच्या तोंडाला कुलूप लावायला सगळ्या मिलला ओलीस धरायचं. ज्यांना दोनच दिवस आधी आत घेतलं होतं त्यांना हरिदासच्या नावानं पुन्हा बाहेर काढायचं, म्हणजे शिव्या कमिटीला नकोत, हरिदासला बसाव्यात. आणि तशाच बसल्या. मिलची चार माणसं त्याच्या दारात येऊन म्हणाली, "माफी माग न रे, काय झिजते?" त्यानं माफी मागितली नाही.

त्या संध्याकाळी बंडोपंत मला घेऊन चाळीत गेले. रात्रभर झोपले नव्हते म्हणे. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती. यशोदेनं सतरंजी टाकली, पाणी आणलं. बंडोपंत म्हणाले, "हरिदास, मी विचार केला. फायनलची आमची जागा मी तुला देतो. तू आणि बापूराव बसा ओट्यावर. आम्ही माघार घेतो."

मला न विचारता, बरं का. पण ते असो. मला वाटलं, मिटलं. कोपऱ्यात बापूराव एकदम ताठ होऊन बसले.

हरिदास म्हणाला, "गुरुजी, तुम्ही पुना देऊनच राह्यले."

"म्हणजे?"

"तुमची जागा मले नोको. तुम्ही ते जिकली हाय. तुम्ही कमेटीत जा अन् एवढंच म्हना, शेठजीची जागा हरिदासची होती, माह्याच्यानं गेली."

"म्हणजे मी चूक केली असं म्हणायचं?"

"हो जी."

बंडोपंत उठले. जागा देणारा, मेंढी देणारा, उद्या धोतरही सोडून देईल असा तो दाता. पण त्याच्या तोंडून 'चुकलो' एवढं निघेना. चप्पल घालताना ते यशोदेला म्हणाले, "समजव याला." ती म्हणाली, "काय समजवू जी? ते रांग सोडून बोलले नाई." म्हाताऱ्याचा ओटा दारातून चालत आला होता आणि भाच्यानं तो परत पाठवला होता. पण बापूरावांनी भाच्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

फायनल झाली. ओटा, गादी, पेट्रोमॅक्स लावायच्या आतच उरकायची म्हणून दुपारी चारला सुरुवात, भज्यांचा वास, समोर सगळं गाव. हरिदास मामाला घेऊन आला आणि दर वर्षी म्हातारा उभा राहायचा तिथंच दोघं उभे राहिले. हरिदास वाकून एकेक पान मामाच्या कानात सांगत होता.

आम्ही सहज पुढे गेलो. शेवटचा डाव आला तोवर कप आमचाच होता. आणि त्या डावात पुन्हा तेच! तीन मेंढ्या आमच्या, बदामची मेंढी ताराचंद शेठच्या हातात. हरिभाऊंनी बदामची राणी उतरली. बंडोपंतांच्या हातात बदामचा राजा आहे हे मला आधीच्या हातांवरून माहीत होतं. त्यांनी टाकली छक्की. इतकं सगळं होऊनही! माझं डोकं तडकलं. शेठजींनी राणीवर दश्शी ठेवली, लोकांत हशा उसळू लागला, आणि मी हुकमाची दुर्री त्यावर आपटली.

हशा जागच्या जागी विरला. चारही मेंढ्या, कोट. ताराचंद शेठनी हातातली पानं उपडी ठेवली. बंडोपंत माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांच्या घरातून भांडं उचललं. त्यानंतर त्यांनी मला भिडू म्हणून कधी घेतलं नाही, रस्त्यात भेटले तर पलीकडच्या बाजूनं जायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. गावात एक तरी माणूस न्यायानं खेळला, आणि तो मी.

कप तसाच टाकून मी ओट्यावरून उतरलो आणि गर्दीतून हरिदासकडे गेलो. म्हटलं, "पाहिलं? नाही सोडली."

त्यानं मामाचा हात सोडला नाही. "आज घेतली," तो म्हणाला. "त्या दिवशी काऊन नाई घेतली?"

"अरे, बंडोपंतांनी एक्का दाबला. मी भिडू—"

"गुरुजीची पाठ होती फळ्याकडं, प्रभाकररावजी," हरिदास म्हणाला. "तुमचं तं तोंड होतं."

तो भांडत नव्हता. म्हाताऱ्याला जपून गर्दीतून बाहेर काढत तो चाळीच्या वाटेला लागला, आणि मी त्याच्या पाठीमागे उभा राहिलो. बत्तीस मी वाचले होते. तेहतीसही वाचले होते. तिर्री टाकली तेव्हा दोन्ही आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते.