आधी टायर, मग पन्हं

आमच्या घरातलं कपाट लागत नाही. दाराला चपलेचा तुकडा खुपसून ठेवावा लागतो. कूलरची टाकी गळते, आणि सोफ्यावर पाहुणा बसला की मला धडकी भरते. ही सगळी खरेदी माझ्या नवऱ्याची, संघपालची. सगळं जुनं घेतलेलं, आणि सगळं विकणाऱ्याच्या घरी चहा पिऊन घेतलेलं.

संघपाल वाडीला एका गोदामात सुपरवायझर आहेत. अख्खा दिवस ट्रकवाल्यांशी भांडतात. एक पोतं कमी भरलं तर गाडी फाटकाबाहेर सोडत नाहीत. पण कुणाच्या घरी घोटभर पाणी प्यायले की संपलं. मग त्या घरच्या वस्तूला नाव ठेवायला त्यांची जीभच उचलत नाही.

ही माझ्या सासऱ्यांची, नत्थूबाबांची शिकवण. त्यांच्या लहानपणी गावात आमच्या लोकांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे. पेला हातात मिळायचा नाही. म्हणून शेवटपर्यंत ते पोराला सांगत राहिले, "ज्यानं पेल्यात पाणी देल्लं, त्याचा मान ठेवजो गा." मान ठेवावा, माझी ना नाही. पण म्हणून गळका कूलर घ्यावा?

आता सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना रेसिंगची मोटरसायकल हवी होती. तीच ती, टाकीवर ओणवं होऊन चालवायची. कॉलेजपासूनची हौस म्हणे. प्रतापनगरातल्या ऋषी नावाच्या मुलाची लाल गाडी त्यांनी मोबाइलवर पाहिली आणि जेवणावरचं लक्षच उडालं. मी म्हटलं, घ्या. पण रोज अमरावती रोडवर ट्रकांच्या मधून जायचं, तेव्हा टायर मी बघणार. माझा भाऊ रोशन टायरच्या दुकानात आहे. त्यानं सांगून ठेवलं होतं, टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यातले शेवटचे दोन म्हणजे साल.

"आणि टायर बघेपर्यंत पाणीसुद्धा पेयाचं नाही," मी बजावलं.

"नाही पीत वं," ते म्हणाले.

मे महिना. पोहोचेपर्यंत दोघांच्याही घशाला कोरड पडली होती. ऋषीची आई, चारुशीलाबाई, ट्रे घेऊन दारातच उभ्या. कैरीचं पन्हं, काचेचे ग्लास बाहेरून घामेजलेले. मी ग्लास नुसता हातात धरून ठेवला. नवऱ्याकडे बघते तर त्यांचा रिकामा! "आणखी घ्या नं," बाई म्हणाल्या. आणि ह्यांनी घेतलं. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं मला.

गाडी पोर्चमध्ये उभी होती. "काका, नवीनच समजा," ऋषी म्हणाला. "मी नोकरीसाठी पुण्याला, गाडी घरीच. टायर तर घासलेच नाही."

खरंच घासले नव्हते. वरून काहीतरी काळं चकचकीत फासलं होतं. मी पदर खोचून खाली बसले आणि बोटानं ते पुसलं. खाली चिराच चिरा, हिवाळ्यातल्या टाचांसारख्या. आकडे वाचले. शेवटचे दोन सतरा, म्हणजे दोन हजार सतरा. मागचाही तसाच. गाडी फिरली नाही, पण रबर उभ्या उभ्या म्हातारं झालं होतं.

"पाहा," मी म्हटलं. "वाकून पाहा."

त्यांनी वाकून पाहिलं. चिरांवर अंगठा फिरवला. त्यांना कळलं आहे, हे मला कळलं. मग उठून म्हणाले, "गाडी मस्त हाये."

असा संताप आला! हा माणूस दोन ग्लास पन्ह्यासाठी ट्रकखाली जाईल, पण टायर खराब आहे म्हणणार नाही. मी तोंड उघडणार तोच ऋषी म्हणाला, "काकू, मागं बसा नं. चक्कर मारून या."

कशीबशी मी त्या उंच सीटवर चढले. संघपालनी गाडी सुरू केली. ती गुरगुरली, पण ह्यांचे पाय जमिनीवरून उचलेनात. आरशात त्यांनी मला पाहिलं. आणि गाडी बंद केली.

"टायर गेले हायेत बेटा," ते म्हणाले. "दोन्ही. मी नाही घेत."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! मी भीत भीत चारुशीलाबाईंकडे पाहिलं. त्या उखडल्या, पण मुलावर. "काहून रे ऋषी, सुट्टीत तू ह्याच गाडीवर फिरतो नं? मला सांगितलं नाहीस?" आणि निघताना आम्हाला आणखी एकेक ग्लास दिला. आता मीही प्यायले. पन्हं खरंच झकास होतं.

परत येताना, आमच्या जुन्या स्कूटरवर, मी विचारलं, "आज कसं काय बोलले तुम्ही?"

"मागं तू बसली होती न."

मला भरून आलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सिग्नल सुटला, थोडं पुढे गेलो, आणि मला सुचलं.

"अन् मी आलीच नसती तर?"

"तर घेतली असती," ते म्हणाले. "काचेच्या ग्लासात देल्लं होतं वं त्यायनं."