खिडकीची जागा

गेल्या महिन्यात सारसोळ्याच्या आमच्या गच्चीवर आम्ही दोघांनी जवळा वाळत घातला. वरून विमान गेलं तशी ही म्हणाली, "काशीला जाताना खिडकी माजी. तुमी बसा बाजूला." दुसऱ्या दिवशी ती झोपेतच गेली.

देवाधर्माचं सगळं तीच बघायची. मी खाडीत मासे मारणारा माणूस. ती गेल्यावर तर देवाचं तोंड बघायचीही इच्छा राहिली नाही. पण काशीची दोन विमान तिकिटं आधीच काढली होती. पोरगा म्हणाला, आईचं रद्द करतो. मी त्याला गप्प केलं. अस्थींचा तांब्या पिशवीत घेतला आणि एकटाच निघालो.

विमानात खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवून तिला पट्टा बांधला. माझा पट्टा मात्र लागेना. विमानातली बाई आली, बोलण्यावरून साताऱ्याकडची. तिनं ओढून बघितला, मेकॅनिक बोलावला. पट्ट्याचा खटका आतून मोडला होता, दुसरा मिळणार नव्हता. पट्ट्याशिवाय बसता येत नाही आणि विमान तर भरलेलं. मागून कोणीतरी बोललं, म्हाताऱ्याला उतरवा ना. मीही उठलो. म्हटलं, देवालाच आम्ही नको आहोत.

"काका, ही शेजारची जागा कुणाची?" बाईनं विचारलं.

"हिची," मी म्हटलं आणि पिशवीवर हात ठेवला.

ती म्हणाली, मग काकूंच्या जागेवर तुम्ही बसा. पण पिशवी खाली पायाशी ठेवायचा नियम. आमच्यात विसर्जनापर्यंत अस्थी जमिनीला टेकवत नाहीत, झाडाला टांगतात. मी तोंडावर सांगितलं, उतरेन पण खाली ठेवणार नाही.

"आमच्याकडंबी टांगत्यात, काका. पुढं आमच्या कोटांचं कपाट हाय, त्यात खुंटी हाय. काकूंना माझ्याकडं द्या."

पोरालाही हात लावू दिला नव्हता मी त्या पिशवीला. तिला दिली.

हिचा पट्टा एका झटक्यात लागला. विमान वर गेलं आणि खाली आमची खाडी दिसली, खारफुटी, पाण्याच्या बारीक वाटा. तिथं मी चाळीस वर्षं होडी चालवली. ही पुढं बसून डबड्यानं पाणी उपसायची आणि मला शिव्या घालायची, सरळ चालवा म्हणून. एवढीशी खाडी आणि एवढा आमचा संसार. बघत बसलो, डोळे भरून आले.

कोणी म्हणेल, पट्टा मोडला, त्यात काय. मोडलाच. पण भरल्या विमानात एकच जागा रिकामी होती आणि ती हिची होती. यापुढचं मला कळत नाही. पिशवी नीट आहे का बघायला मी वाटेत एकदाही उठलो नाही. त्या बाईचं देव भलं करो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीच्या घाटावर होडीत बसलो. नावाड्याची वल्हं मारायची रीत मला पटली नाही. माझ्यासमोर दुसऱ्यानं वल्हं धरलेलं मी जन्मात चालवून घेतलं नव्हतं. तरी वल्हं त्याच्याच हातात राहू दिलं. मधल्या धारेत तिला सोडलं, हात जोडले, आणि त्यानं नेलं तसा परत आलो.