दोन सीटच्या गाडीची तक्रार

मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांनी चार-चार बेडरूमची घरं घेतली. मी मात्र भाड्याच्या घरात राहिलो आणि दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार घेतली. वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नाही, आयटीतली नोकरी. "दुसऱ्या सीटवर कोण बसणार?" हा प्रश्न शोरूममध्ये कुणी विचारला नाही, पुण्याहून बाबांनी विचारला. मला राग आला आणि मी विषय बदलला.

बाबा बस डेपोच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झाले. आई गेल्यापासून एकटेच असतात. दसऱ्याला गाडी घरी आली, तिला हार घातला आणि त्या आठवड्यापासून आमचा एक रिवाज पडला. रविवारी दुपारी मी गाडीत बसून त्यांना व्हिडिओ कॉल करायचो, तिकडे सकाळ असायची. "चालू कर बघू," ते म्हणायचे. मी बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरायचो. ते डोळे मिटून ऐकायचे.

"बरी आहे?"

"एकदम मस्त, बाबा."

मस्त कसली डोंबलाची! दुसऱ्याच आठवड्यात फ्रीवेवर गाडीचा जोर अचानक गेला, पिवळा दिवा लागला आणि मागचे ट्रक हॉर्न मारत निघून गेले. डीलरने काहीतरी रीसेट करून दिलं, चार दिवसांनी पुन्हा तेच. असं चारदा झालं. दर वेळी काउंटरवरचा माणूस "सॉरी, मेट" म्हणायचा आणि मी "नो वरीज" म्हणून बाहेर पडायचो. परक्या देशात उगाच वाद नको, आपलं नाव चांगलं राहिलं पाहिजे, या भिडेपायी मी एक ईमेलसुद्धा केला नाही. तेही फोरमनचा मुलगा असून! डेपोत बाबा ड्रायव्हरची तोंडी तक्रार ऐकूनच घ्यायचे नाहीत. "आधी लिहून दे," म्हणायचे.

मग लॉकडाऊन लागला. मेलबर्नमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी आली, आणि माझी ती वाऱ्याशी स्पर्धा करणारी गाडी दूध-ब्रेड आणायला जाऊ लागली. शेजारच्या सीटवर दुधाचे कॅन ठेवले की गाडीला वाटायचं माणूस बसलंय, आणि ती बेल्टसाठी ओरडायची. मी कॅनना बेल्ट लावायचो. आधी हसू यायचं, नंतर येईनासं झालं. दिवसभर स्क्रीनवरच्या चौकटींशी बोलायचं, संध्याकाळी सिंकपाशी उभ्याने काहीतरी खायचं. मला फार एकटं वाटत होतं. पण रविवारी विचारलं की गाडीही मस्त होती आणि मीही मस्त होतो.

निर्बंध सैल झाले तेव्हा गाडी पुन्हा डीलरकडे नेली. तो म्हणाला, "लॉकडाऊनमध्ये उभी राहिली ना, मेट. उभ्या गाडीला असं होतंच." आधीच्या चार भेटी त्याच्या कम्प्युटरवर 'नेहमीची तपासणी' म्हणून लागल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी पहिल्यांदा मी "नो वरीज" म्हणालो नाही.

ग्राहक हेल्पलाइनवर एक बाई भेटली. तिने शांतपणे समजावलं की अशा पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या गाडीला इथे 'लेमन' म्हणतात, गाडी कितीही महागडी असली तरी कायदा तोच, आणि दोष मोठा असेल तर दुरुस्ती घ्यायची, दुसरी गाडी की पैसे परत, हे ग्राहकाने ठरवायचं. "पण हा दोष लॉकडाऊनच्या आधीपासून होता, हे दाखवता येईल का? काही लेखी आहे?"

लेखी काहीच नव्हतं. त्या रविवारी मी बाबांना खरं सांगून टाकलं. ते जरासुद्धा दचकले नाहीत.

"तिसऱ्या रविवारीच कळलं होतं. मिसिंग मारत होती. इंजिनाचा ठोका मधूनच चुकत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मस्त म्हणालास ना."

तासाभराने त्यांच्या डायरीच्या पानांचे फोटो आले. डेपोची सवय सुटली नव्हती. दसऱ्यापासून प्रत्येक रविवारची तारीख, त्याखाली 'गाडी' आणि त्याखाली 'चिरंजीव'. गाडीच्या ओळी पुराव्यासाठी अगदी हव्या तशा होत्या. खालच्या ओळी वाचून मी फोन उलटा ठेवला. ट्रायब्युनलकडे, म्हणजे इथल्या ग्राहक न्यायालयाकडे, लेखी तक्रार केली तेव्हा तेवढा खालचा भाग कापून टाकून पानं पाठवायचा विचार केला. पण सरकारमान्य भाषांतर करणारी बाई म्हणाली, "सॉरी, पान पूर्णच लागतं."

ट्रायब्युनलची सुनावणी व्हिडिओवर झाली. एका चौकटीत डीलरचा माणूस, एका चौकटीत निकाल देणाऱ्या मॅडम, एकीत मी. मॅडम इंग्रजी भाषांतर मोठ्याने वाचत होत्या. लॉकडाऊनच्या आधीच्या तारखा, मिसिंग, जोर कमी. डीलरचा माणूस मान खाली घालून कागद चाळत होता. मग त्यांनी पुढचं पानही त्याच संथ आवाजात वाचलं.

"गाडी: आजही मिसिंग. चिरंजीव: दाढी वाढली आहे. जेवलेला दिसत नाही. गाडी सांगते, चिरंजीव सांगत नाही."

त्या थांबल्या. "ही शेवटची नोंद गाडीबद्दल आहे का?"

"नाही," मी म्हणालो. परक्या माणसांसमोर मी रडलो, कॅमेरा बंद करायचंही सुचलं नाही.

डीलरने गाडी परत घेऊन पैसे द्यावेत, असा निकाल लागला. ट्रक येऊन तिला घेऊन गेला. रविवारी मी रिकाम्या गॅरेजमध्ये घडीची खुर्ची टाकून बसलो आणि बाबांना कॉल केला. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले.

"बरा आहेस?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. मला इथे एकट्याला करमत नाहीये."

त्यांनी डोळे उघडले, चष्मा लावला आणि टेबलावरची डायरी पुढे ओढली.

"हं," म्हणाले, "सांग सावकाश."