देठाजवळची फुली

इस्पितळाच्या फाटकासमोर फळांची गाडी लावणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. आतल्या डॉक्टरांसाठी रांगेत उभं राहावं लागे. हा न विचारताच सल्ला देई. “संत्र्यासाठी कशाला अडून बसलात, ताई? क जीवनसत्त्व पेरूत त्याहून जास्त! आजोबा, तुम्ही केळं घ्या. पोटॅशियम मिळेल आणि दातांना त्रास नाही. असलेच तर!”

ही विद्या त्यानं बायकोपायी मिळवली होती. सहा वर्षांपूर्वी तिचं रक्त इतकं कमी झालं होतं, की दोन जिने चढताना ती तीनदा बसायची. तेव्हापासून सकाळी माल उतरला, की पहिलं फळ तिचं. ते हुंगायचं, टिचकी मारून बघायचं आणि देठाजवळ नखानं फुली काढायची. फुलीचं फळ कुणी कितीही गयावया केली तरी विकायचं नाही. बघता बघता तिचं रक्त भरलं. “आमच्या हिलाच बघा की!” हे मग गाडीवरचं सर्टिफिकेट झालं.

घरासमोरच्या दारातल्या शेजारणीनं मात्र या सहा वर्षांत त्याच्याकडून एक द्राक्षसुद्धा विकत घेतलं नव्हतं. परवा कुणाला तरी बघायला ती इस्पितळात आली आणि गाडीपाशी थांबली.

“भाऊजी, रागावू नका हं. कालची पपई जरा कच्ची निघाली.”

“काल मी पपई विकलीच नाही. एकच आली होती.”

“तीच हो, फुलीवाली,” ती बोलून गेली, मग जीभ चावली आणि जवळजवळ पळालीच.

चहावाल्याच्या भरवशावर गाडी टाकून हा भरदुपारी घरी.

“कालची पपई कशी होती?”

“गोड होती हो! नुसती साखर!”

सहा वर्षं हेच उत्तर, याच लाडिक सुरात.

“समोरच्या तर कच्ची म्हणतात.”

बायकोनं हातातला डाव खाली ठेवला. “मला फळांच्या वासानंच उमळून येतं. लहानपणापासून. तुम्ही एवढ्या हौसेनं आणायचात, तोंडावर कसं सांगणार?”

“मग रक्त कशानं भरलं?”

तिनं पिठाच्या डब्यामागून गोळ्यांचं पाकीट काढलं. “दवाखान्यातून देतात. तपासून.”

तो मटकन खाली बसला. हिच्या रक्ताची ग्वाही देऊन त्यानं गाडाभर डाळिंबं खपवली होती. आणि शेजारणीचे ते डाळिंबासारखे लाल गाल! तरीच.

“घेतेस कशाबरोबर?” त्यानं खोल आवाजात विचारलं.

“चहाबरोबर.”

तो ताडकन उठला. “चहा? अगं, चहानं लोह अंगी लागत नाही! निदान एवढं तरी मला विचारायचंस!”

“विचारलं असतं तर कळलं नसतं का तुम्हाला?”

तो आल्या पावली गाडीकडे परतला.

दुसऱ्या दिवशी एक बाई गाडीवर आली. “डॉक्टर, सुनेचं रक्त कमी आहे. तुमच्या बायकोला काय द्यायचात?”

आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरची जीभ अडखळली. “आधी तिला काय आवडतं ते विचारा,” तो म्हणाला. “आणि खरं सांगते का ते बघा.”

संध्याकाळी तो फळांच्या पिशवीशिवाय घरी आला. खिशातून एक लिंबू काढून त्यानं ओट्यावर ठेवलं. “याचा तरी वास चालतो ना? गोळी याच्या पाण्याबरोबर घे,” एवढंच बोलून भिंतीकडे तोंड करून बसला.

बायकोनं लिंबू उचललं, देठाशी निरखून पाहिलं. फुली नव्हती.