व्याह्यांनी वाळवलेला पाट

देवाने माणसाला अंगठा दिला तो सही न येणाऱ्यांच्या सोयीसाठी, असं मी समजत होतो. आमच्या व्याह्यांना मात्र तो फक्त रंग दाबून बघायला दिलाय. खेडचा हा माणूस सगळी नोकरी मुंबईला रंगाच्या कारखान्यात, रंग लवकर वाळावा म्हणून त्यात घालतात त्या ड्रायरच्या खात्यात करून आला, आणि तेव्हापासून जगात वाळलेल्या आणि न वाळलेल्या अशा दोनच वस्तू आहेत असं मानतो. माझ्या लेकीला मागणी घालायला आले तेव्हा पोरगी पोहे घेऊन उभी, आणि हे दाराच्या चौकटीला नाक लावून. "ड्रायर कमी पडलाय हो," म्हणाले. चौकट मी स्वतः रंगवलेली. लग्न तिथंच मोडायचं, पण बायकोने मागून माझा सदरा धरून ठेवला. एसटी स्टँडवर 'रंग ओला आहे' अशी पाटी दिसली की यांची गाडी चुकलीच समजा. बाकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार, की तेलाचा रंग कपड्यासारखा वाळत नाही. पाणी उडून जातं, तेल जागचं हलत नाही; ते हवेतला प्राणवायू ओढून घट्ट होतं, आणि ड्रायर त्याला नुसती घाई करतो. एका बाईने विचारलं, "ते खरं, पण बसू कधी?" तर म्हणाले, "ते हवेला विचारा."

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, पण दुसऱ्याचं ऐकायची सवय मला शाळेलाही लावता आली नाही. एका श्रावणात आमच्या गणपतीचा पाट मी रंगवायला काढला. फणसाचा, वडलांच्या हातचा. आमच्यात घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा आणि त्याने त्याच्यावरच मूर्ती घडवायची, अशी रीत. पाट वेळेत गेला नाही तर त्या वर्षी घरात गणपती नाही; दुसऱ्याच्या पाटावरची तयार मूर्ती उचलून आणणं आमच्या घरात झालेलं नाही. पावसाळी हवा, म्हणून मी रंगात ड्रायर सढळ हाताने ओतला. सकाळी पाट वरून कोरडा, पण सुरकुतलेला. बोट टेकलं तर वरची कातडी सरकली, आत लोणी. पाट द्यायचा दिवस परवावर आलेला.

नशिबाने व्याही लेकीला माहेरी सोडायला आले होते. अंगठा टेकून म्हणाले, "दुधावर साय धरलीय. वरचं आधी घट्ट झालं, खाली हवा जायची वाट बंद. हे आता शिमग्यालाही वाळत नाही."

"मूर्तीच्या वजनाने बसेल," मी म्हटलं.

"मूर्तीच बसेल पाटात. मग विसर्जनाला पाटासकट बुडवा."

"अवो, ऐका वायच त्यांचं," बायको आतून म्हणाली.

मी पाट त्यांच्यापुढे सरकवला. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

व्याह्यांनी सगळा रंग लाकडापर्यंत खरवडला, फडक्याने अगदी पातळ हात दिला, ड्रायर नावाला घातला, आणि त्यांच्यासाठी लावलेला घरातला एकुलता एक टेबलफॅन पाटाकडे वळवला. स्वतः बनियनवर, घाम पुसत शेजारी बसून.

"बाबा, फॅन जरा तुमच्याकडे करू?" लेकीने सासऱ्यांना विचारलं.

"मला काय घट्ट व्हायचंय?"

पाट वेळेवर गेला. मूर्तिकाराने हात फिरवला आणि रंग कोणी दिला म्हणून विचारलं. "घरच्या माणसाने," मी सांगितलं.

ती मूर्ती व्याह्यांनी पाहिली नाही. गणपतीत त्यांना घर सोडता येत नाही, मला माझं. विसर्जनाला समुद्रात उतरलो, मूर्ती हलकेच सुटली आणि पाट हातात राहिला, एकही पापुद्रा न निघता. आभार मानायचं मला कधी जमलं नाही, पण तेव्हा वळून त्यांना सांगावंसं वाटलं. ते त्या घटकेला तिकडे खेडला जगबुडी नदीच्या पाण्यात उभे असणार, आपला पाट धरून. घरची माणसं किनाऱ्यावरून हाका मारत होती, तरी मी पाट छातीशी घेऊन बराच वेळ तसाच उभा राहिलो.