नखांवरचं ऊन

तीन बायका आणि नेलपॉलिशची एक बाटली एका बाल्कनीत आली की गप्पा साचणारच. पण आमच्याकडे ज्या साचल्यात, त्या सांगताना हल्ली आम्ही खुर्च्या जरा जवळ ओढून घेतो!

बाल्कनी सुजाताअक्कांची. इंदिरानगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारचं ऊन धड येतं ते त्यांच्याकडेच. अक्का मूळच्या निपाणीच्या, पण लग्न होऊन या कानडी शहरात आल्या त्यालाही जमाना झाला. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. दुसरी केतकी, नागपूरची. तिसरी मी, पुण्याची. आम्ही दोघी आयटीतल्या. पार्लरमध्ये तासन्‌तास बसायचा कंटाळा, म्हणून केतकीने ऑनलाइन होलोग्राफिक नेलपॉलिश मागवलं आणि रविवारी जेवणं झाली की घरच्या घरी मॅनिक्युअर सुरू झालं.

हे नेलपॉलिश सावलीत अगदी मरगळलेलं दिसतं. राखाडी, जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखं. पण बोट उन्हात धरलं की आतून सातही रंग उसळतात आणि हात हलेल तसे सरकत राहतात. पहिल्यांदा लावलं तेव्हा अक्कांनी नखं डोळ्यांजवळ नेली, लांब नेली आणि म्हणाल्या, "सुंदर आहे गं. पण स्वल्प जिवंत वाटतंय!"

*

सोमवारी माझा व्हिडिओ कॉल होता. मी नेहमीसारखी हातवारे करत बोलत होते. मध्येच आमचा मॅनेजर स्क्रीनकडे झुकून म्हणाला, "मॅडम, आपकी उँगलियाँ कहाँ गईं?"

बघते तर खरंच! मागची खोली धूसर करायचं सेटिंग चालू होतं, आणि त्याने त्या चमचमत्या नखांबरोबर माझी बोटंही खाऊन टाकली होती. नुसते पंजे हवेत हलत होते. सगळे हसले. मीही हसले, "यहीं हैं, सर!" म्हणाले.

आणि बोटं टेबलाखाली नेऊन एकदा चाचपून घेतली.

*

अक्का पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघतात. तिथे आरोग्य तपासणी होती. नर्सने अक्कांच्या बोटाला ऑक्सिजन बघायचं ते चिमट्यासारखं मशीन लावलं. आकडा येईना. दुसरं बोट, तिसरं बोट, मशीन ढिम्म!

"नेलपॉलिशमुळे होतं असं कधी कधी," नर्स म्हणाली. तिने एक नख पुसून काढलं आणि लगेच आकडा आला. अक्कांचा जीव भांड्यात पडला. नर्सने मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि लिहायला लागली.

अक्का बघत होत्या. मशीनमध्ये बोट नव्हतं. तरी ठोके पडतच होते.

नर्सने ते उघडलं, मिटलं, हातावर आपटलं. ठोके चालूच. आता रांगेतले लोकही मान उंचावून बघायला लागले. शेवटी अक्का उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, राहू दे. कुणाचा तरी जीव चालू आहे ना, पुरे!"

*

त्या रविवारी आम्ही आधीच घाबरलेल्या. अक्का हे सांगत असतानाच केतकी किंचाळली. बाल्कनीच्या छतावर उजेडाचा एक गोळा थरथरत होता. आम्ही हात पाठीमागे लपवले, तरी तो हलेना. उठून कोपऱ्यात गेलो, तर तोही कोपऱ्याकडे सरकला!

अक्कांनी मारुतीचं नाव घेतलं आणि मागे सरकताना त्यांचा पाय बादलीला लागला. छतावरचा गोळा फुटून नाचायला लागला. नखांसाठी पाण्याने भरून ठेवलेली स्टीलची बादली! आम्ही घाईने कोपऱ्यात सरकताना तीच पायाने ढकलत होतो.

"घ्या, भूत सापडलं," अक्का म्हणाल्या. "आता त्यात टॉवेल भिजवा!"

*

तळमजल्यावर एक अज्जी राहायच्या. लिफ्टमध्ये भेटल्या की माझी बोटं धरून ठेवायच्या, दार उघडलं तरी सोडायच्या नाहीत. "एनु बण्णा!" म्हणायच्या. काय हा रंग! ऊन नसायचं, नखं राखाडीच असायची. मला वाटायचं, म्हातारीला कमी दिसतं.

एका सकाळी अज्जी गेल्या. मी होते तशीच खाली धावले. नखांवर नेलपॉलिश होतं, पण सावलीत ते दिसतंय कुठे, म्हणून पुसायच्या भानगडीत पडले नाही. हॉलमध्ये पडदे ओढलेले होते. अज्जींना चटईवर ठेवलं होतं. मी वाकून हात जोडले.

दहाही नखं पेटली! लाल, हिरवा, जांभळा, सगळे रंग नखांवरून धावायला लागले. अज्जींची सून माझ्या हातांकडे बघतच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात ओढणीत गुंडाळले आणि रडत वर अक्कांकडे आले.

केतकीने माझी समजूत काढली, "अगं, डोक्यावरची ट्यूब पडली असेल त्यावर."

अक्का कॉफी गाळत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "करंट कुठं होतं तेव्हा?"

*

आता केतकीचं. ती हे स्वतः सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तिची रूममेट लग्न करून गेली आणि फ्लॅटमध्ये ती एकटी उरली. नागपूरहून आईचा रोज एकच धोशा, "एकटी पोरगी कशाला राहून राहिली तिथे? ये इकडे." केतकीला नोकरी सोडायची नव्हती. रोज भांडण, रोज रडारड.

एका रविवारी अक्का गावाला गेल्या होत्या, म्हणून केतकी घरीच नखं रंगवत बसली. भर दुपार, खिडकीतून ऊन टेबलावर. आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन डब्याला टेकवून ठेवला. आईला टेबल आणि हात तेवढे दिसत होते. केतकी खाली मान घालून डावा हात रंगवत होती.

आई आज भांडेना. टेबलावरचे हात बघत होती. मग म्हणाली, "किती हळुवार हात आहे गं तिचा. कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"जी लावून देऊन राहिली ती. तुझे तर दोन्ही हात टेबलावर आहेत."

केतकीने खाली पाहिलं. ब्रश बाटलीत होता. तिचा उजवा हात टॉवेलवर पसरलेला होता. तो तिने रंगवायलाच घेतला नव्हता. त्याची पाचही नखं ओली होती, कुठेही कडेला न फासलेली, आणि उन्हात रंग फेकत होती.

आई वाट बघत होती. शेवटी केतकी म्हणाली, "मैत्रीण आहे, आई."

"बरं झालं बापा!" आईचा आवाज एकदम मोकळा झाला. कित्येक महिन्यांत झाला नव्हता इतका. "एकटी नाहीस म्हटल्यावर मला घोर नाही. तिला जेवायला थांबव."

"हो."

"आणि तूही तिला लावून दे गं. तिची नखं कोरीच दिसून राहिली."